अक्कांना विचारा : किल्ल्यांचा जुडगा

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की ज्याला घरी बसून जेवायला वेळ नाही त्यानं आधी स्वतःच्या कामाची वाटणी बघावी, आणि त्यावर पत्रं यायला लागली ती अजून थांबली नाहीत. तालमीचे अध्यक्ष, बचत गटाच्या अध्यक्षा, धंदा करणाऱ्या बायका, ऑफिसातले दोन नंबरचे साहेब. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, सगळं माझ्यावरच पडतंय. ह्या वेळी चार पत्रं घेतलीत. पहिल्या दोघांना जरा जास्त जागा दिलीय, त्याला कारण आहे.

प्रश्न : अक्का नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका तालीम मंडळाचा अध्यक्ष, सहा वर्षं झाली. शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान आहे, सकाळी साडेनऊ ते रात्री आठ, सोमवारी बंद. दुकान झालं की मंडळ. गणपती, शिवजयंती, फुटबॉलची टीम, रक्तदान, कुणाचं मयत, कुणाच्या पोराचं ॲडमिशन सगळं माझ्याकडंच येतं. गणपतीच्या आधी दीड महिना मी रात्री दीड-दोनशिवाय घरी जात नाही. परवानग्या मीच काढणार, वर्गणीचे पैसे मीच मोजणार, मंडपवाला मीच बघणार, मूर्तिकाराकडं मीच जाणार. मीटिंगला वीस-पंचवीस पोरं येतात, चहा पितात आणि 'अध्यक्ष बघतील' म्हणून उठतात. गेल्या वर्षी लायटिंगचं काम एका पोराला दिलं होतं, दिवसातनं पाच-सहा वेळा फोन करून विचारत होतो तरी शेवटी मलाच लायटिंगवाल्याशी बोलून सगळं बदलायला लागलं, आणि ते पोरगं त्यानंतर मंडळात यायचंच बंद झालं. आजकालच्या पोरांना जबाबदारी नकोच असते. परवा बीपी १६० निघालं. बायको म्हणते राजीनामा द्या, पण मी सोडलं तर मंडळ बंद पडणार हे मला माहीत आहे. काय करू?
– एक अध्यक्ष, मंगळवार पेठ

अक्का : भाऊ, आधी डॉक्टर. बीपीचा आकडा तुम्ही पार शेवटी लिहिलाय, मंडपवाला आणि मूर्तिकाराच्या पण खाली, त्यावरनंच मला कळलं तुम्ही स्वतःला कितव्या नंबरवर ठेवलंय ते. गोळी चालू करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही ह्या आठवड्यात जाऊन या, दुकान दोन तास उशिरा उघडलं तर शाहूपुरी बुडत नाही.

तुमच्या तासांची मी बेरीज केली. दुकानाचे साडेदहा तास सहा दिवस म्हणजे ६३. मंडळाचे एरवी रोज दोनच तास धरले तरी ७७ होतात, गणपतीत तर शंभराच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ह्या दोघांनी मिळून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात आठवड्याला ५५ तास किंवा त्याच्यावर काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असं निघालं. त्यांनी पोटापाण्याच्या कामाचे तास मोजले, मंडळाचे नाहीत. पण तुमचे ६३ तर नुसत्या दुकानातच होतात.

आता ते लायटिंगचं पोरगं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त ते पोरगं दिसलं. तुम्ही म्हणता त्याला काम दिलं. काय दिलं बघा बरं. लायटिंगवाल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं काम दिलं. कुठली लायटिंग, किती पैशात, कुठल्या दिवशी लावायची हे सगळं तुमच्याकडंच राहिलं, वरनं पाच-सहा फोन, आणि शेवटी त्याला बाजूला ठेवून तुम्ही परस्पर बदललं. ते पोरगं वीस-बावीस वर्षांचं असणार. त्यानं मित्रांना सांगितलं असणार ह्या वर्षी लायटिंग माझ्याकडं आहे, आईला सांगितलं असणार. आणि मग सगळ्या गल्लीसमोर ते काम त्याच्या हातातनं काढून घेतलं गेलं. त्याला जबाबदारी हवी होती म्हणूनच एवढं मनाला लागलं, नको असती तर दुसऱ्या दिवशी परत चहा प्यायला आला असता. आणि बाकीच्या पंचवीस जणांनी हे बघितलंय. आता ते 'अध्यक्ष बघतील' म्हणतात त्यात त्यांचं काय चुकलं, अध्यक्ष बघतातच की.

मला हे लगेच ओळखू आलं कारण मी स्वतः हेच केलंय. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलींच्या फीला मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी चौदा वर्षं सचिव होते. कपाटाचा जुडगा माझ्या पर्समध्ये असायचा, सात किल्ल्या, त्यातल्या दोन कशाच्या ते मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ठेवीच्या पावत्या कुठल्या फाईलला, कुठल्या मुलीची फी कुठल्या कॉलेजात कोणत्या तारखेच्या आत भरायची, सगळं माझ्या डोक्यात. बाकीच्या बायका म्हणायच्या बाई आम्हाला पण काहीतरी द्या, मी म्हणायचे असू द्या हो, तुम्हाला समजावून सांगण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात मी करून टाकते. एका जूनमध्ये माझं पोटाचं ऑपरेशन झालं, अठरा दिवस दवाखान्यात. बायका घरी येऊन जुडगा घेऊन गेल्या पण कुठली किल्ली कशाला आणि यादी कुठं काही कळेना, मी शुद्धीत होते पण धड बोलायची ताकद नव्हती. दोन मुलींची फी मुदतीत गेली नाही. एकीचं लेट फी भरून कसंतरी निभावलं. दुसरीचं वर्ष गेलं. ती नंतर मला बिंदू चौकात भेटली, काही बोलली नाही, वाकून नमस्कार केला आणि गेली. माझ्याशिवाय संस्थेचं पान हलत नाही ह्याचा मला चौदा वर्षं अभिमान होता, आणि भुर्दंड त्या पोरीला पडला.

म्हणून सांगते, ऐका. त्या पोराच्या घरी जा. मंडळात बोलावू नका, घरी जा, त्याच्या आईच्या हातचा चहा घ्या आणि सरळ म्हणा की गेल्या वर्षी माझं चुकलं. ह्या वर्षी लायटिंग परत त्यालाच द्या पण ह्या वेळी पुरतं द्या. पुरतं म्हणजे पैशासकट आणि ठरवण्यासकट. समजा ३० हजार ठरले, तर तेवढ्यात काय बसवायचं ते त्यानं ठरवायचं, तुम्हाला विचारायची गरज नाही. ३० च्या वर जायला लागलं किंवा वायरिंगच्या सुरक्षेचा नाहीतर पोलिसांचा विषय निघाला की मात्र त्यानं थांबून तुम्हाला सांगायचं. आपल्याकडं पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही आकडे मागं टाकून पाणी कुठवर आलं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. ती रेष आधी ठरलेली आहे म्हणून पाणी २५ फुटाला असताना कुणी जनावरं सोडत नाही आणि ३९ झालं की आता काय करायचं म्हणून कुणी कुणाचं तोंड बघत बसत नाही. तुमच्या मंडळात अशी रेषच कुणी आखलेली नाही, म्हणून पोरं दहा फुटाला पण तुम्हाला विचारतात आणि तुम्ही पण दहा फुटालाच फोन लावता.

फोनचं पण ठरवून टाका. आठवड्यातनं एक वार, समजा गुरुवारी रात्री नऊला, सगळ्यांनी आपापलं सांगायचं. अध्येमध्ये तुम्ही फोन करायचा नाही. पहिले पंधरा दिवस तुमचा हात खिशाकडं जाईल, जाऊ दे.

परवानग्या वाटून टाका. पोलिसांची, महापालिकेची मंडपाची, धर्मादाय ऑफिसची वर्गणी गोळा करायची, आणि महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन, चार ठिकाणं आहेत, चार पोरं लावा. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या दोन चकरा जास्त होतील. कुठल्या खिडकीवर काय कागद मागितला, कुठली झेरॉक्स कमी पडली ते एका वहीत लिहायला लावा आणि ती वही मंडळातच ठेवा, तुमच्या दुकानात नको. पुढच्या वर्षी दुसरं कुणी गेलं तरी वही बघून जाईल. आणि वर्गणीचे पैसे एकट्यानं रात्री दीडला मोजायचे आजपासून बंद, रोजच्या रोज दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची, ह्यात तुमचं पण भलं आहे, उद्या कुणी शंका काढली तर एकटे तुम्हीच तोंडावर पडाल.

सगळंच देऊन टाका असं मी म्हणत नाही. हिशेबावर शेवटची नजर तुमची. दोन पोरांत लागलं तर मिटवायला तुम्ही. आणि गल्लीत कुणाकडं मयत झालं तर पहिलं तुम्हीच जायचं, तेवढं कुणाला देऊ नका.

लायटिंग ह्या वर्षी तुमच्या मनासारखी होणार नाही हे पण आत्ताच सांगून ठेवते. एखादी माळ विझेल, एखादा रंग तुम्हाला भडक वाटेल. तेव्हा गप बसायचं, चारचौघात तर अजिबात बोलायचं नाही, विसर्जन झाल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारायचं की पुढच्या वर्षी काय वेगळं करशील. माळ विझली म्हणून गणपती थोडाच उठून जातो.

राहिलं तुमचं ते वाक्य, मी सोडलं तर मंडळ बंद पडेल. एकदा सवडीनं दसरा चौकात जाऊन उभं राहा. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग तिथंच आहेत, रोज गाडीवरनं जाताना आपण बघत पण नाही. १९०१ सालापासनं शाहू महाराजांच्या आश्रयानं एकेक करत मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत होते त्या समाजाच्या मुलांसाठी अशी वसतिगृहं निघत गेली. महाराजांनी मन मोठं करून जागा दिल्या, पैसा दिला, पाठीशी उभे राहिले, पण रोजचा कारभार त्या त्या समाजातल्या माणसांनी बघायचा. पोरांना आज काय जेवण, कुणाची खोली कुठली हे विचारायला कुणी राजवाड्यावर जात नव्हतं. महाराजांना कामं काय कमी होती का, राधानगरीचं धरण, गिरणी, शाळा, कुस्ती, संस्थानचा सगळा गाडा. ६ मे १९२२ ला महाराज गेले, वयाची ४८ पण पूर्ण नव्हती. शंभर वर्षं उलटून गेली आणि त्या संस्था अजून उभ्या आहेत. माणूस गेल्यावर पण चालावं अशी तजवीज हयातीतच करून ठेवायला लागते भाऊ. तुमच्या मंडळाची ती तुम्ही केलेली नाही, आणि ती करणं हेच तुमचं ह्या वर्षीचं काम समजा. राजीनाम्याचं वहिनींना सांगा की एक गणपती थांबा. आणि ह्या वर्षी अकराच्या आत घरी या.

प्रश्न : अक्का, मी कसबा बावड्यात राहते. कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे, घरातनं सुरू केला, आता सहा बायका कामाला आहेत. मिरचीची देठं काढणं, लसूण सोलणं, पॅकिंग सगळं त्या करतात पण भाजायचं काम मी कुणाला देऊ शकत नाही, दिलं की बिघडतंच. फेब्रुवारी ते मे मी पहाटे साडेचारला कढईपुढं उभी राहते ती दुपारपर्यंत. हाताला चटके, खांदा धरलाय. माझ्या मुलीची बारावी कधी आली कधी गेली मला कळलं नाही. कामावरची एक मुलगी हुशार आहे, तिला दोनदा भाजायला दिलं आणि दोन्ही वेळा खोबरं करपलं, आठ किलो माल टाकून द्यायला लागला. चव गेली तर गिऱ्हाईक गेलं. हे काम दुसऱ्याला द्यायचं तरी कसं?
– एक चटणीवाली, कसबा बावडा

अक्का : ताई, तुमच्या पत्रावर नंबर होता म्हणून मी तुम्हाला फोनच केला, आठवत असेल. त्यातलं थोडं इथं लिहिते, तुम्ही हो म्हणालात म्हणून.

मी विचारलं खोबरं कढईतनं कधी उतरवता. तुम्ही म्हणालात वास आला की. कसला वास म्हटल्यावर जरा गप्प झालात, मग म्हणालात वास म्हणजे, बदामी रंग आला की तसा वास येतो, तेव्हा मी गॅस बंद करते, मग कढईच्या गरमीनं ते आपोआप तांबूस होतं. मी विचारलं हे त्या मुलीला सांगितलंय का. तुम्ही म्हणालात, "ते कळतंच की अक्का."

ताई, ते नाही कळत. त्या मुलीनं तुमच्या डब्यातलं तयार खोबरं बघितलंय, ते तांबूस असतं. म्हणून ती तांबूस होईपर्यंत ढवळत राहिली असणार, तांबूस झाल्यावर गॅस बंद केला, आणि मग ते गरम कढईत पुढं भाजत राहून काळं पडलं. एकदा नाही दोनदा तसंच झालं, म्हणजे ती हयगय करणारी मुलगी नाही, तिनं दोन्ही वेळा जे डोळ्यांनी बघितलं होतं तेच इमानदारीनं केलं. मिनिटभर आधी उतरवायचं एवढी एक गोष्ट तुमच्या हाताला माहीत आहे आणि तोंडानं ती कधी बाहेर आलेली नाही. अशा अजून किती गोष्टी असतील बघा. कांदा किती वाळवून तेलात टाकायचा, तीळ तडतडले की लगेच काढायचे की जरा थांबायचं, धणे आणि खसखस एकत्र का भाजायची नाही. पंधरा वर्षं एकच काम केलं की माणूस ते आपल्याला येतं कसं हेच विसरून जातो, आणि मग शिकणाऱ्यालाच नावं ठेवतो.

तुम्ही असं करा. काचेच्या तीन छोट्या बरण्या घ्या. एकीत बदामी झालेलं खोबरं, म्हणजे गॅस बंद करायच्या क्षणी चमचाभर काढून थंड ताटलीत टाकलेलं. दुसरीत तयार झालेलं तांबूस. तिसरीत करपलेलं. कढईजवळच्या फळीवर उजेडात ठेवा. भाजणारीनं पहिल्या बरणीकडं बघून गॅस बंद करायचा. पहिले चार दिवस तुम्ही भाजा पण तोंडानं बोलत भाजा, आता मी हे का केलं, आता आच का कमी केली, आणि ती ऐकेल. नंतर ती भाजेल आणि तुम्ही शेजारी उभं राहाल पण झाऱ्याला हात लावायचा नाही. आणि आठ किलोनं सुरुवात कशाला केलीत, अर्धा किलो द्या, करपलं तर अर्धा किलोच जाईल. आठवडाभरानं तुम्ही आत स्वयंपाकघरात जाऊन बसा. डंकावर कुटायला पाठवायच्या आधी चव मात्र तुम्हीच बघायची, आणि ब्याडगी-संकेश्वरी मिरचीची खरेदी पण तुम्हीच करायची, ती नजर इतक्यात कुणाला येणार नाही.

अजून एक, भाजायला लागली की तिचा रोज वाढवा. देठं काढण्याच्या रोजात भाजण्याचं काम मागायचं हे बरोबर नाही, आणि तसं कुणी फार दिवस करत पण नाही.

फोन ठेवताना तुम्ही हळू आवाजात विचारलंत की शिकवलं आणि ती स्वतःच धंदा काढून बसली तर. ते खरं भय आहे, त्याला मी उगाच नाही म्हणणार नाही. बसेलही कदाचित. म्हणून एकीला शिकवू नका, दोघींना शिकवा. पण ह्या भीतीनं तुम्ही कुणालाच शिकवणार नसाल तर तुमचा धंदा तुमच्या खांद्याएवढाच राहणार, आणि खांदा तर आत्ताच धरलाय. हाडाच्या डॉक्टरला दाखवून या. मुलगी आता कॉलेजला जाईल, तिच्या पहिल्या दिवशी तिला सोडायला तुम्ही जा, कढई त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या हातात असू दे.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत असिस्टंट मॅनेजर आहे. आमचे साहेब माणूस म्हणून चांगले पण सगळ्या गोष्टीवर त्यांचीच सही लागते, स्टेशनरीचं बिल असू दे नाहीतर चहाचं. टेबलावर फायलींचा ढीग, रात्री नऊपर्यंत बसतात, आणि बाहेर सांगतात माझ्याकडं कामाची माणसंच नाहीत. आम्ही संध्याकाळी सहाला रिकाम्या हातानं घरी जातो. आम्हाला लाज वाटते. त्यांना सांगायचं कसं?
– दोन नंबरचा, लक्ष्मीपुरी

अक्का : सांगायला जाऊच नका, करून दाखवा. साहेब तुम्ही काही देतच नाही असं म्हटलं की त्यांना ते आरोपासारखं लागणार. त्याऐवजी एक छोटं काम धरा, समजा किरकोळ खर्चाची बिलं. त्यांना म्हणा साहेब, दोन हजाराच्या आतली बिलं आठवडाभर मी बघतो, शुक्रवारी पाचला सगळ्याची एका पानावर यादी तुमच्यापुढं ठेवतो, कुठं चुकलं तर दाखवा. आणि शुक्रवारी पाचला म्हणजे पाचलाच ठेवा, सव्वापाचला नको. हातातनं काम न सोडणाऱ्या माणसाला बहुतेक एकच भीती असते, की काहीतरी बिघडेल आणि मला ते सगळ्यात शेवटी कळेल. तुमच्या हातनं चूक झाली तर ती त्याच दिवशी, दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी, तुम्हीच जाऊन सांगा. अशा तीन-चार वेळा झाल्या की तेच म्हणतील हे पण तूच बघ.

कर्जाच्या मंजुरीत मात्र शहाणपणा करू नका, ती पोटनियमानं ज्याची त्याचीच. आणि एक सावधगिरी. काही साहेब काम देतात पण अधिकार देत नाहीत आणि बिघडलं की नाव आपलं घेतात. तसं दिसायला लागलं तर काय दिलंय, कुठवर आपण ठरवायचं, हे दोन ओळीत लिहून त्यांच्याकडनं हो म्हणून घ्या, मेसेजवर असलं तरी चालेल. तुमचे साहेब मला तसे वाटत नाहीत. रात्री नऊला एकट्या बसलेल्या माणसाला तुम्ही सात वाजता एखादा चहा नेऊन दिलात तर तिथनंच बोलणं सुरू होईल कदाचित.

प्रश्न : अक्का, आमच्या बचत गटात आम्ही बाराजणी. मी अध्यक्ष आहे, पण सचिवाचं आणि कोषाध्यक्षाचं काम पण मीच करतोय कारण बाकीच्यांना लिहायला जमत नाही म्हणतात. बैठकीचं रजिस्टर, हप्ते, बँकेत जाणं, तालुक्याला जाणं सगळं मीच. रानातलं काम, सासूबाईंचं आजारपण आणि हे. बँकेत सहीला दुसरी येते पण गाडीवरनं उतरून सही करून परत. मागच्या महिन्यात दोघी म्हणाल्या की पैशाचं काय चाललंय आम्हाला कळत नाही. मला लई वाईट वाटलं, एवढं मरमर करून वर संशय.
– एक अध्यक्ष, राधानगरी तालुका

अक्का : वाईट वाटणारच. पण बाई, त्या दोघींच्या जागी बसून बघ. सगळं एकटीच्या वहीत, एकटीच्या पिशवीत, आणि तू प्रामाणिक आहेस हे त्यांनी नुसतं मानायचं. संशय तुझ्यावर नाही, न दिसणाऱ्या पैशावर आहे. आणि गटाची पंचसूत्री तू तर पाठ म्हणून दाखवत असशील, बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड, हिशेब लिहिणं, पण ती बाराजणींची आहे, त्यातलं शेवटचं एकटीनं करून बाकीच्यांना कसं दिसणार.

पुढच्या बैठकीपासनं हिशेब मोठ्यानं वाचायचा, नावानिशी, कुणी किती भरले, कुणाकडं किती राहिले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आकडे कळतात, बाजारात त्यांना कुणी फसवून दाखवू दे. पैसे मोजायचं काम न लिहिणारीला दे, ती मोजेल आणि सांगेल, तू लिही. एखादीची सून नाहीतर मुलगी दहावी-बारावी झालेली असेल, तिला बैठकीला बसवून दोन महिने तुझ्याशेजारी लिहायला लाव, अक्षर वाकडं आलं तरी चालतंय. आणि पदं तिघींची आहेत तर तिघींना करू दे, बदलायची वेळ आली की बैठकीत ठराव करून बदला, ठरावाची नक्कल बँकेला द्यायला विसरू नका नाहीतर सह्या अडकतात.

बँकेचं सगळ्यात आधी कर. ह्या महिन्यात भरणा करायला सचिव आणि कोषाध्यक्ष दोघींना पाठव. स्लिप कशी भरायची ते आदल्या दिवशी घरी बसून दोनदा भरून दाखव, पासबुक कुठल्या खिडकीला छापून मिळतं ते सांग. सोबत जायचंच असेल तर जा, पण तू बाहेर कट्ट्यावर बस. आत गेलीस की कॅशियर तुझ्याशीच बोलणार, आणि त्या दोघी परत तुझ्या मागं उभ्या राहणार.